पायाखालची फळी सरकली

मे महिन्यात मैत्रिणीच्या गारखेड्यातल्या फ्लॅटची वास्तुशांत झाली, तेव्हा आम्ही सगळे तिच्या हॉलवर फिदा! चक्क सागवानी फ्लोअरिंग. जुलैत तिचा फोन आला, 'अगं, बाल्कनीचं दार उघडत नाहीये. जमीन वर आलीये.' एकीकडे ईएमआय चालू, दुसरीकडे सासूबाईंचा 'मी म्हणत होते, शहाबादीच बरी' हा डायलॉग.

जाऊन बघते तर दारापाशी दोन फळ्या तंबूसारख्या उभ्या. सगळा आळ पावसावर. पण खरा घोळ ठोकण्यात होता. फळ्या भिंतीला घट्ट भिडवलेल्या आणि खिळे वरून, थेट मधोमध मारलेले. 'एकदम टाइट बसवलंय मॅडम' म्हणून मिस्त्रींनी कौतुकही करून घेतलेलं!

टाइट, हाच तर प्रॉब्लेम. आपल्या संभाजीनगरात मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, लाकूड आकसतं. पावसाळ्यात तेच लाकूड दमट हवा पितं आणि रुंदीत फुगतं (लांबीत जवळपास नाहीच). एक फळी केसभरच वाढते हो, पण ओळीने चाळीस फळ्या वाढल्या आणि भिंत हटेना, तर त्या जाणार कुठे? वर! म्हणून भिंतीलगत चारही बाजूंनी साधारण पाऊण इंच जागा सोडायची. ती स्कर्टिंगखाली झाकली जाते. आणि स्कर्टिंग ठोकायचं भिंतीला, फळीला नाही.

आता खिळ्यांचा फंडा. हार्डवुडच्या फळीला एका कडेला जीभ असते, दुसऱ्या कडेला खाच. खिळा जिभेतून मारायचा, ४५ अंशांत तिरका, दर ८ ते १० इंचांवर, टोकापासून दोन-तीन इंच सोडून. डोकं आत दाबलं की पुढच्या फळीची खाच त्यावर बसते, वरून काहीच दिसत नाही. जीभ चिरू नये म्हणून आधी बारीक ड्रिल. भिंतीलगतच्या ओळींत तिरका हातोडा चालत नाही, तिथेच फक्त वरून.

आणि हा खिळा धरणार कशाला? स्लॅबमध्ये तो जात नाही. आधी स्लॅब नीट सुकलेला हवा, त्यावर प्लास्टिक शीट, मग पाऊण इंची वॉटरप्रूफ प्लाय स्क्रूने पक्की. कोटेशनमधली प्लायची ओळ महाग वाटली तरी खोडू नका, हेच माझ्या मैत्रिणीने केलं होतं. फळ्याही आणल्या दिवशीच ठोकायच्या नाहीत. काही दिवस त्याच खोलीत, गठ्ठे सोडून, हवा खाऊ द्यायच्या.

हां, 'वुडन फ्लोअरिंग' म्हणून क्लिक करून बसणारं लॅमिनेट घेतलं असेल तर खिळा अजिबात नको! ते सुटं तरंगण्यासाठीच बनवलेलं असतं. भिंतीलगतची फट मात्र त्यालाही लागते.

वेरूळच्या दहा नंबरच्या लेण्याला लोक 'सुतार की झोपडी' म्हणतात. छताला लाकडी वाशांसारखे दगडी वासे कोरलेत. ते जुलैत फुगत नाहीत, पण टू बीएचकेत कोण कोरून देणार?

मैत्रिणीकडे दुसरे मिस्त्री आले. सगळ्या फळ्या उचलून, खाली प्लाय टाकून, नव्याने बसवल्या. भिंतीलगतच्या फळ्या कापून बारीक केल्या. खर्च ऐकून तिचा नवरा दोन दिवस गप्प होता. उन्हाळाभर हॉलच्या कोपऱ्यात ठिबकणारा कूलरही आता बाहेर गेलाय, खिडकीच्या स्टँडवर. दार उघडतंय. सासूबाईंचा डायलॉग मात्र अजून चालू आहे.