सही कुणाची, अक्षर कुणाचे?

धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी १९३२ पासून दर रविवारी विनोबा भावे गीतेच्या एकेका अध्यायावर बोलत. १९ जूनला अठरावे प्रवचन झाले. श्रोत्यांत बसलेले साने गुरुजी ते सारे कागदावर उतरवून घेत होते. 'गीता प्रवचने' हा ग्रंथ आज अनेक भाषांत वाचला जातो, तो या टिपणामुळे. शब्द विनोबांचे, अक्षर गुरुजींचे. हस्ताक्षरांच्या संग्राहकाने असा कागद कोणाच्या नावाखाली ठेवावा?

प्रश्न चमत्कृतीसाठी विचारलेला नाही. थोर लेखकांची पत्रे जमवण्याचा छंद देखणा आहे. पण लिलावात पत्राची किंमत बहुधा तळाच्या सहीवर ठरते, मजकुरावर नव्हे. एकोणिसाव्या शतकातील युरोपात तर पत्राखालची सही कात्रीने कापून वहीत चिकटवणारे हौशी लोक होते. उरलेले पत्र कुठे गेले, याची त्यांना फिकीर नव्हती. हा छंद आपल्याकडे आणताना ती कात्रीही सोबत येणार असेल, तर तो न आलेला बरा.

मराठी पत्राची घडण मुळातच वेगळी आहे. शिवकाळातील वा पेशवाईतील राजपत्र बहुधा कारकून मोडीत लिही. माथ्यावर शिक्का, शेवटी मोर्तब. पत्र खरे की खोटे ते या मुद्रांवरून ठरे. आजच्या अर्थाची सही अशा पत्रांवर शोधत बसणाऱ्याच्या हाती फारसे काही लागत नाही. शिवाय पुष्कळ पत्रांत मुसलमानी महिना व चंद्र दिलेला असतो, साल मात्र नसते. ते कसे काढायचे? त्याच रुमालात शेजारी बांधलेल्या दुसऱ्या पत्रावरून, मजकुरात आलेल्या एखाद्या स्वारीच्या किंवा मृत्यूच्या उल्लेखावरून. रुमालातून एकटे उचललेले पत्र आपले साल हरवून बसते. काचेच्या चौकटीत ते शोभेल, इतिहासाच्या कामाचे फारसे उरणार नाही.

इतिहासाचार्य वि. का. राजवाडे यांना हे पुरते ठाऊक होते. वाळवी, पावसाळा आणि रद्दीवाला या तिघांच्या तावडीतून त्यांनी गावोगावची दप्तरे सोडवली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड १८९८ मध्ये निघाला, आणि पुढे खंडांची संख्या बावीसवर गेली. त्यांत राजे-सेनापतींइतकेच वकील, सावकार आणि कारकून बोलतात. राजवाड्यांनी ३१ डिसेंबर १९२६ रोजी धुळ्यातच देह ठेवला. त्यांचा संग्रह सांभाळण्यासाठी तेथे उभे राहिलेले राजवाडे संशोधन मंडळ हे खानदेशाचे मोठे भाग्य. (पुण्याशी त्यांचे फारसे जमले नाही, याबद्दल धुळेकरांनी पुण्याचे आभारच मानावेत.)

त्याच गावात शंकर श्रीकृष्ण देव यांनी रामदासी मठांतील बाडे जमवली. ती समर्थ वाग्देवता मंदिरात आहेत. तेथील वाल्मीकी रामायणाची प्रत खुद्द रामदासांच्या हातची मानली जाते. येथे हस्ताक्षराला अर्थातच मोल आहे. पण एखादे अक्षर अमुकाचे असे म्हणायलासुद्धा पडताळ्यासाठी दुसरी बाडे शेजारी लागतात. एकटे अक्षर स्वतःची साक्ष देत नाही.

जळगावकडे वळले, तर सहीचा हा मोह आणखी तोकडा वाटू लागतो. असोद्याच्या बहिणाबाई चौधरी यांना लिहिता येत नव्हते. त्यांच्या ओव्या मुलगा सोपानदेव आणि त्याचा मावसभाऊ यांनी वेळोवेळी वहीत उतरवल्या. १९५१ मध्ये बहिणाबाई गेल्या आणि १९५२ मध्ये आचार्य अत्र्यांच्या प्रस्तावनेसह 'बहिणाबाईंची गाणी' प्रसिद्ध झाली. जे त्या वहीत आले नाही, त्यातले बरेचसे त्यांच्याबरोबरच गेले. मराठीतील या थोर कवयित्रीची स्वाक्षरी कोणत्याच संग्राहकाला कधी मिळणार नाही. पण दुसऱ्याच्या हातची ती वही रद्दीत गेली असती तर?

सहीचे मोल गांधीजींनी मात्र नेमके ओळखले होते. स्वाक्षरीसाठी ते हरिजन निधीला पाच रुपये घेत. हौस तुमची, पैसा कामाला. त्यांची कितीतरी पत्रे महादेवभाई देसाई किंवा प्यारेलाल यांच्या अक्षरात आहेत आणि खाली 'बापू' एवढेच त्यांच्या हातचे. जळगावच्या जैन हिल्सवरील गांधी तीर्थ येथे अशा कागदांच्या संगणकीय प्रती जतन केल्या जातात. पानावरचे प्रत्येक अक्षर, मागची बाजू, पाकीट, टपालाचा शिक्का, हे सारे अशा प्रतीत टिकवता येते. अभ्यासकाला याहून अधिक काय हवे? मूळ कागद घरच्या कपाटात असलाच पाहिजे, हा हट्ट अभ्यासाचा नाही, मालकीचा आहे.

कायदाही ध्यानात ठेवावा. १९७२ च्या पुरावशेष आणि कलानिधी अधिनियमानुसार वैज्ञानिक, ऐतिहासिक, वाङ्मयीन किंवा कलात्मक मोलाची, ७५ वर्षे पूर्ण झालेली हस्तलिखिते आणि कागदपत्रे पुरावशेष ठरतात. ती परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. साने गुरुजींचे निधन ११ जून १९५० रोजी झाले. म्हणजे त्यांच्या हातच्या प्रत्येक पत्राने आता पंचाहत्तरी ओलांडली आहे.

गुरुजी १९२४ ते १९३० या काळात अमळनेरच्या शाळेत शिकवत होते. वसतिगृहातील मुलांसाठी ते 'छात्रालय' नावाचे दैनिक स्वतः हाताने लिहून काढत. जुन्या विद्यार्थ्यांच्या घरी, बोहारणीला द्यायच्या कपड्यांच्या गाठोड्याखाली, त्याचे एखादे पान अजून असू शकेल. त्यावर बहुधा सही नसेल. ते सापडले, तर आजूबाजूचे कागद न विस्कटता सगळे गाठोडेच आधी धुळ्याला दाखवून आणावे.