सगळ्यांचाच चरित्रकार

धनंजय कीर यांच्याविषयी अभ्यासकांची एक जुनी तक्रार आहे: हा माणूस ज्याचे चरित्र लिहायला घेतो, त्याच्याच भजनी लागतो. तक्रार अगदीच खोटी नाही. टिळकांना स्वातंत्र्यलढ्याचे आणि फुल्यांना सामाजिक क्रांतीचे जनकपद त्यांनी पुस्तकाच्या नावातच देऊन टाकले. वाचकाने पान उलटण्याआधीच निकाल जाहीर! पण भक्ताचा देव्हारा एक असतो. कीरांनी इंग्रजीत 1950 साली सावरकर लिहिले, 1954 साली आंबेडकर, मग टिळक, फुले, 1973 साली गांधी आणि 1976 साली शाहू छत्रपती. वेदोक्त प्रकरणात टिळक आणि शाहू समोरासमोर ठाकले होते, पुणे कराराच्या वेळी गांधी आणि आंबेडकर. या सगळ्यांची चरित्रे लिहिणाऱ्याला एकाचा वकील होऊन दुसऱ्याला आरोपी करणे परवडत नाही. उद्या त्याचेही चरित्र लिहायचे असते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. हयात माणसाचे चरित्र तटस्थ कसे असणार? आंबेडकरांचे चरित्र आले तेव्हा ते हयात होते, धर्मांतर व्हायचे होते; तो भाग पुढच्या आवृत्तीत आला. अंतर कमी होते, हे मान्य. पण त्या जवळिकीमुळेच महाडचा 1927 चा सत्याग्रह पाहिलेली माणसे अजून बोलायला होती. मराठीत चांगदेव खैरमोडे यांच्या बहुखंडी चरित्राचा पहिला खंड 1952 साली निघाला होता. मराठी न येणाऱ्याने मात्र जायचे कुठे? ती सोय विद्यापीठातल्या कुणा प्राध्यापकाने नव्हे, रत्नागिरीहून आलेल्या, मुंबई महापालिकेत कारकुनी करणाऱ्या माणसाने केली. विद्वत्तेच्या कसोटीवर आज त्यात उणे काढता येईल, आणि काढावेही.

भक्तीच्या आरोपाला सर्वांत ठोस उत्तर मात्र चरित्रांत नाही. स. गं. मालशे यांच्यासह कीरांनी महात्मा फुले यांचे समग्र वाङ्मय संपादित केले आणि साहित्य संस्कृती मंडळाने ते 1969 साली छापले. आपल्या नायकाचे मूळ शब्दच वाचकाच्या हाती ठेवले, की चरित्रकाराची चूक पकडायला तोच मोकळा होतो. पुजारी असे करत नाही. तरीही शंका उरलीच, तर कीरांचे टिळक आणि कीरांचे शाहू लागोपाठ वाचा आणि मग आरोप ठेवायचा की नाही ते ठरवा.