मार्का जुळला तरच दार उघडते

डिंडोलीत स्थायिक झालेल्या आपल्या खानदेशी माणसांच्या आता दोन-दोन, तीन-तीन पिढ्या सुरतेत गेल्या. घरातली मोठी माणसे लूमवर, साड्यांच्या बाजारात, ट्रान्सपोर्टच्या गोदामात राबतात आणि पोराने संगणक शिकावा म्हणून पैसा-पैसा बाजूला टाकतात. नवा परवडला नाही, तर जुना घेतात. अशाच एका घरातून मध्यंतरी फोन आला. "सर, पोरासाठी जुना संगणक घेतला. त्यावर लिनक्स आहे. पोराने एक प्रोग्रॅम उतरवून घेतला, तर 'एक्झेक फॉरमॅट एरर' असं लिहून येतं. दुकानदार म्हणतो, मशीन गेलं, दुसरं घ्या. खरंच गेलं का हो?"

मी भाषेचा माणूस. पण हा प्रश्नही शेवटी भाषेचाच आहे, म्हणून आज त्याविषयी.

संगणकाच्या प्रोसेसरला फक्त आकडे कळतात. अमुक आकडा आला की बेरीज करायची, तमुक आला की उचलून ठेवायचे. गंमत अशी की प्रत्येक जातीच्या प्रोसेसरचा हा शब्दकोश वेगळा. एकाला जो आकडा 'बेरीज कर' सांगतो, तोच दुसऱ्याला भलतेच काही सांगेल. सुरतकरांना हे समजावून सांगायला नको. जेकार्डच्या लूमवर नक्षी उमटते ती भोके पाडलेल्या कार्डांमुळे. फ्रान्समधल्या जाकार याने १८०४ च्या सुमारास ही युक्ती रूढ केली. एका लूमसाठी पाडलेली कार्डे वेगळ्या मांडणीच्या लूमवर चढवली, तर नक्षी उमटणार नाही, सूत मात्र वाया जाईल. त्यात दोष कार्डांचाही नाही आणि लूमचाही नाही.

मग चुकीची कार्डे चढू नयेत, हे पाहायचे कोणी? संगणकात हे काम कर्नल करतो. कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. ट्रान्सपोर्टच्या गोदामातला माणूस पार्सल फोडून पाहत नाही, त्यावरचा मार्का वाचतो. तसाच कर्नल प्रोग्रॅमच्या फाइलवरचा मार्का वाचतो. लिनक्समध्ये या मार्क्याची ठरलेली पद्धत आहे, तिचे नाव 'एल्फ'. ती मुळात युनिक्सच्या 'सिस्टीम व्ही' या आवृत्तीबरोबर आली आणि १९९० च्या दशकाच्या मध्यास लिनक्सनेही ती स्वीकारली.

या मार्क्यात काय असते? पहिल्या बाइटमध्ये १२७ हा आकडा आणि पुढच्या तिघांत 'ई', 'एल', 'एफ' ही रोमन अक्षरे. पाचवा बाइट सांगतो, प्रोग्रॅम ३२ बिटांचा आहे की ६४ बिटांचा. सहावा सांगतो, मोठी संख्या कोणत्या टोकाकडून वाचायची. आपण मराठीत 'त्रेचाळीस' म्हणतो, म्हणजे तीन आधी आणि चाळीस नंतर. इंग्रजीत 'फॉर्टी-थ्री', म्हणजे चाळीस आधी. प्रोसेसरांमध्येही असे दोन संप्रदाय आहेत. आणि एकोणिसाव्या-विसाव्या बाइटमध्ये असतो प्रोसेसरच्या जातीचा क्रमांक. इंटेलच्या जुन्या ३२ बिटांच्या घराण्याचा ३, त्याच घराण्यातल्या ६४ बिटांचा ६२. आपल्या मोबाइलमध्ये बहुधा असतो तो एआरएम, त्याचा ३२ बिटांचा क्रमांक ४० आणि ६४ बिटांचा १८३.

आता त्या फोनचे उत्तर मिळाले. पोराचा संगणक ३ क्रमांकाचा, उतरवलेला प्रोग्रॅम ६२ क्रमांकाचा. कर्नलने मार्का वाचला आणि पार्सल दारातूनच परत केले. मशीन गेले नव्हते, उलट ते आपले काम चोख करत होते. त्याच प्रोग्रॅमची ३२ बिटांची आवृत्ती उतरवली आणि संगणक चालू लागला.

कर्नल लिहिणाऱ्यांनी याची जी व्यवस्था लावली आहे, ती मला फार आवडते. आपल्याकडे लग्नाचे विधी बहुतेक सारखे, पण देवक ज्या त्या कुळाचे वेगळे. लिनक्समध्येही एल्फ फाइल वाचण्याचा मुख्य विधी सगळ्यांसाठी एकच आहे, एकदाच लिहिलेला. शिवाय प्रत्येक प्रोसेसरच्या कप्प्यात 'एल्फ' नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात त्या कुळापुरते लिहिलेले असते: मी कोणता क्रमांक स्वीकारतो, माझे बिट किती, माझी आकडे वाचण्याची दिशा कोणती, प्रोग्रॅम सुरू करताना माझी पाटी कशी कोरी करायची. नवा प्रोसेसर आला की त्याचा कप्पा नव्याने भरावा लागतो, पण मुख्य विधीला हात लावावा लागत नाही.

याचे मोल आपल्या पुण्याला चांगले ठाऊक आहे. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक उभी राहिली आणि १९९१ मध्ये 'परम ८०००' हा महासंगणक तयार झाला. त्यात ब्रिटिश बनावटीचे ट्रान्सप्युटर होते. १९९८ च्या 'परम १००००' मध्ये सन कंपनीचे अल्ट्रास्पार्क आले, त्यानंतरच्या 'परम पद्म'मध्ये आयबीएमचे पॉवर-४ आणि २००८ च्या 'परम युवा'मध्ये इंटेलचे झिऑन. नाव परमच, पण पोटातली भाषा दर वेळी निराळी. एका परमसाठी तयार केलेला प्रोग्रॅम दुसऱ्यावर जशाचा तसा चालणार नव्हता. मूळ मजकूर जपून ठेवायचा आणि नव्या यंत्रासाठी तो पुन्हा कंपाइल करायचा, प्रसंगी दुरुस्तही करायचा, हाच मार्ग.

आज आयआयटी मद्रासचा 'शक्ती' आणि सी-डॅकचा 'वेगा' हे भारतीय प्रोसेसर 'रिस्क-फाइव्ह' या खुल्या घराण्यातले आहेत. या घराण्याचा क्रमांक २४३. जानेवारी २०१८ मध्ये आलेल्या लिनक्स ४.१५ मध्ये त्याचा कप्पा उघडला गेला. त्यामुळे आपल्या प्रोसेसरसाठी अख्खी ऑपरेटिंग सिस्टीम कोऱ्या कागदापासून लिहिण्याची पाळी येत नाही. दारावर ओळख आधीच नोंदलेली आहे.

मात्र कप्पे उघडतात तसे बंदही होतात. इंटेलचा ३८६ हा प्रोसेसर लिनक्सने २०१२ मध्ये वगळला. गाजावाजा करून आलेला इटॅनियम जानेवारी २०२४ च्या ६.७ आवृत्तीत गेला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ने ३२ बिटांच्या इंटेल घराण्याची नेहमीची आवृत्ती थांबवली. जुन्या संगणकावर शिकणाऱ्या पोरांच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नाही. सांभाळणारे हात कमी पडले की कप्पा बंद होतो. तिथे कोणाची गरिबी मोजली जात नाही.

म्हणून पालकांना दोन गोष्टी सांगतो. जुना संगणक घेताना किंमत विचारण्याआधी तो ३२ बिटांचा की ६४ बिटांचा, हे विचारा. ६४ बिटांचा प्रोसेसर असेल, तर योग्य व्यवस्था ठेवल्यास जुने ३२ बिटांचे प्रोग्रॅमही चालतात. उलटे मात्र होत नाही. आणि पोराचा प्रोग्रॅम अडला, तर लगेच नव्या यंत्रासाठी कर्ज काढू नका. त्याला आधी तो संदेश नीट वाचू द्या आणि मार्का कुठे जुळला नाही, ते त्यालाच शोधू द्या. एवढे शोधता शोधता तो जे शिकेल, ते कोणत्याही क्लासच्या फीमध्ये मिळणार नाही.