विनिपेगचे हिरवे पाणी

कॅनडाच्या मॅनिटोबा प्रांतातील विनिपेग सरोवराच्या काठावर उभे राहिले असता पलीकडचा तीर दिसत नाही. लांबी ४०० किलोमीटरहून अधिक, क्षेत्रफळ सुमारे २४,५०० चौरस किलोमीटर. सरासरी खोली मात्र जेमतेम १२ मीटर. हिमयुगाच्या अखेरीस वितळत्या बर्फातून निर्माण झालेल्या अ‍ॅगासिझ या महासरोवराचा हा अवशेष होय. विस्तार अफाट आणि खोली अल्प, हे या सरोवराचे वैशिष्ट्य आहे आणि त्याचे दुखणेही त्यातच आहे.

उन्हाळ्यात दक्षिण भागाच्या काठांवर जत्रा फुलते. ग्रँड बीचची पांढरी वाळू आणि तेथील उंच वाळूच्या टेकड्या यांची ओढ विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात आगगाडी पोहोचली तेव्हापासूनची आहे. पांढरे पेलिकन पाण्यावर उतरतात. हिवाळ्यात सरोवर गोठले की बर्फाला भोके पाडून हौशी लोक पिकरेल मासा धरतात. तथापि, याच पाण्यावर पुष्कळांचे पोटही आहे. १८७५ मध्ये आइसलँडमधून आलेल्या निर्वासितांनी पश्चिम तीरावर गिमली वसविले ते मासेमारीच्या आधाराने. त्याच वर्षी ब्रिटिश राजसत्तेशी पाचवा करार करणाऱ्या क्री व अनिशिनाबे लोकांचे जीवन तर त्यापूर्वी कित्येक पिढ्यांपासून या सरोवराशी बांधलेले होते.

या सरोवराला पाणी पुरविणारे क्षेत्र महाराष्ट्राच्या तिपटीहून मोठे आहे. रॉकी पर्वतापासून अमेरिकेतील मिनेसोटापर्यंतचे पाणी येथे येते आणि एकट्या नेल्सन नदीवाटे हडसन उपसागराकडे जाते. दक्षिणेकडून येणारी रेड नदी पाणी थोडे आणते; परंतु सरोवरात येणाऱ्या फॉस्फरसचा निम्म्याहून अधिक भाग तिचाच असतो. वसंतात बर्फ वितळून पूर आला की शेतांतील खत नदीत उतरते. त्यात शहरांच्या सांडपाण्याची भर पडते. मग ऐन उन्हाळ्यात नीलहरित शैवालाचा थर विस्तीर्ण पाण्यावर पसरतो. त्यातील काही प्रकार विषारी असतात.

याचे कारण अज्ञात होते, असे म्हणण्याची सोय नाही. १९७३ मध्ये वायव्य ऑन्टॅरिओतील '२२६' क्रमांकाच्या लहानशा तळ्यात डेव्हिड शिंडलर व त्यांच्या सहकाऱ्यांनी पडदा टाकून दोन भाग केले. दोन्हींत कार्बन आणि नायट्रोजन मिसळले; फॉस्फरस मात्र एकाच भागात. तेवढाच भाग हिरवा झाला. कॅनडाने डिटर्जंटमधील फॉस्फेटवर त्याच दशकात मर्यादा घातली. शेते आणि मैलापाणी यांच्या बाबतीत मात्र ती तत्परता दिसली नाही. २०११ मध्ये मॅनिटोबाच्या विधिमंडळाने सरोवर वाचविण्यासाठी स्वतंत्र कायदा केला. तरीही विनिपेग शहरातील सर्वांत मोठ्या मैलाशुद्धी केंद्राचे नूतनीकरण वर्षानुवर्षे रेंगाळले. २०२४ च्या आरंभी तर शहरातील नादुरुस्त वाहिनीतून वीस कोटी लिटरहून अधिक मैला रेड नदीत गेला.

ही दिरंगाई का व्हावी? विनिपेग शहर १९१९ पासून पिण्याचे पाणी या सरोवरातून नव्हे, तर दूरच्या शोल सरोवरातून आणते. जे पाणी आपण पीत नाही त्याची निकड आपल्याला वाटत नाही, हा मनुष्यस्वभाव आहे. शेतकऱ्याचे शेत शेकडो मैलांवर, शहराचा नळ दुसऱ्या सरोवरावर, आणि शैवालाने माखलेले जाळे मात्र काठावरच्या कोळ्याच्या हाती! शिवाय ही हानी काही काळ समृद्धीचे सोंग घेऊन येते. या शतकाच्या आरंभी पिकरेलची आवक वाढली, तेव्हा पाण्यातील वाढलेले पोषण हेही त्याचे एक कारण मानले गेले. २०१३ मध्ये परके झेब्रा शिंपले सापडले. पुढील वर्षी बंदरांत पोटॅश टाकूनही ते हटले नाहीत.

शिंपले आता बाहेर काढता येणार नाहीत. फॉस्फरस मात्र उगमाशी अडविता येतो आणि त्याचा उपाय पन्नास वर्षांपासून माहीत आहे. त्याचा खर्च सरोवराच्या काठावर राहणाऱ्यांनी नव्हे, तर ज्यांचे पाणी तेथे जाते त्यांनी उचलला पाहिजे. तो न्याय मान्य होईपर्यंत नवे कायदे कागदावर राहतील आणि दर उन्हाळ्यात विनिपेगचे पाणी हिरवे होत राहील.