मार्कहॅम रोडवरील इमारतीच्या व्यवस्थापनास शेवटचा इशारा

तुमच्या माणसाने आमच्याशी मराठीत बोलून जागा दिली. पैसेही मराठीतच मागितले. म्हणून हा इशारा मराठीत. इंग्रजी प्रत रजिस्टर टपालाने तुमच्या कचेरीत येईल.

आम्ही या स्कारबरोतल्या इमारतीचे भाडेकरू. आता एकेकटे नाही.

आम्ही पुष्कळ थांबलो. नव्या देशात आलेला माणूस थांबतोच. क्रेडिट हिस्टरी नसते. ओळखपाळख नसते. मुलांची शाळा नुकती सुरू झालेली असते. भाडं आम्ही पहिल्या तारखेला भरत आलो, आजही भरतो.

तक्रारी आधी तोंडी केल्या, मग लेखी. बहुतेकांना उत्तर आलं नाही. आलं तिथे ‘बघतो’ एवढंच आलं.

बघण्याची मुदत संपली.

ऑन्टारिओचा 2006चा रेसिडेन्शियल टेनन्सीज ॲक्ट घरमालकाला भाड्यापोटी एकच अनामत घेऊ देतो: शेवटच्या महिन्याचं भाडं. त्यावर दरवर्षी व्याज द्यावं लागतं. मोडतोडीसाठी अनामत घेता येत नाही. किल्लीचे पैसे घेता येतात, पण नवी किल्ली करायला लागतील तेवढेच, आणि तेही परत करायचे.

तुम्ही नव्याने आलेल्या कुटुंबांकडून सहा-सहा महिन्यांचं भाडं आगाऊ मागितलंत. नाही म्हणणाऱ्याला जागा नाकारलीत. ई-ट्रान्सफरच्या नोंदी आमच्याकडे आहेत. मागणीचे मेसेजही आहेत.

लीजवर सही घेताना त्याच टेबलावर एन-11वर, म्हणजे जागा सोडण्याच्या करारावरही, सही घेतलीत. जागा सोडायची तारीख कोरी ठेवलीत. लीज देण्याची अट म्हणून घेतलेला असा करार कायद्याने रद्दबातल आहे. ते कागद तुमच्या कपाटात आहेत. एकही कागद घेऊन कुणाच्या दारात आलात, तर तो आमचा पुरावा म्हणून लँडलॉर्ड अँड टेनन्ट बोर्डासमोर जाईल.

भाडेवाढीचं थोडक्यात. 2026साठी प्रांताने ठरवलेली मर्यादा 2.1 टक्के आहे. ही इमारत जुनी आहे, तिला ती लागू आहे. नव्वद दिवस आधी लेखी नोटीस, बारा महिन्यांतून एकदाच. बोर्डाच्या मंजुरीशिवाय त्या मर्यादेहून एक डॉलरही जास्त भरला जाणार नाही.

आता थंडी.

प्रांताच्या नियमाप्रमाणे 1 सप्टेंबर ते 15 जून घरात किमान 20 अंश ऊब देणं मालकावर बंधनकारक आहे. कुठे मोजायचं तेही नियमात लिहिलं आहे: जमिनीपासून दीड मीटर उंच, बाहेरच्या भिंतीपासून एक मीटर आत.

गेल्या जानेवारीत सातव्या मजल्यावरच्या काकूंनी तसंच मोजलं. त्यांच्या स्वयंपाकघरात कालनिर्णय आहे. ज्या चौकटीत आपल्याकडे दुधाचा खाडा लिहितात, त्या चौकटीत त्यांनी सकाळ-संध्याकाळचं तापमान लिहिलं. 16. 15. 17. पुन्हा 15. त्याच्याच खाली नातवाच्या खोकल्याच्या औषधाच्या वेळा.

ती पानं आम्ही जपून ठेवली आहेत.

फेब्रुवारीत एका विद्यार्थ्याचं भाडं थकलं. सोळाव्या दिवशी तुम्ही त्याचं कुलूप बदललंत. कायद्यात बसतं, असं तुमचा माणूस म्हणाला.

तो कायदा दुकानांचा. व्यापारी गाळ्याचं भाडं पंधरा दिवस थकलं की सोळाव्या दिवशी मालक ताबा घेऊ शकतो. खालच्या दुकानदारांच्या डोक्यावर ती टांगती तलवार आहेच. घराला तो नियम लागत नाही. घरातून माणूस काढायला बोर्डाचा हुकूम लागतो. हुकूम बजावायला शेरीफ लागतो. अशा गुन्ह्याला व्यक्तीला 1,00,000 डॉलरपर्यंत आणि कंपनीला 5,00,000 डॉलरपर्यंत दंड आहे.

त्याच मुलाला व्हिसाची भीती घातलीत. एकोणीस वर्षांचं पोर, घरापासून हजारो मैल दूर, रात्रभर जिन्यात बसलं. भाडेकरूचे हक्क व्हिसावर अवलंबून नाहीत.

पुन्हा कुणालाही ही भीती घालू नका.

तुमचा भरवसा कशावर आहे, तो आम्ही ओळखतो. मे 2023मध्ये ऑन्टारिओचे ओम्बुड्समन पॉल द्युबे यांनी बोर्डाच्या दिरंगाईवर अहवाल दिला. 38,000हून अधिक अर्ज तेव्हा तुंबलेले होते. सुधारणेसाठी 61 शिफारशी करण्याची वेळ आली. भाडेकरूच्या अर्जाला दोन-दोन वर्षं लागत होती. तेवढ्यात हे लोक पांगतील, असा तुमचा हिशेब आहे.

आम्ही पांगणार नाही. आमच्यातल्या कित्येकांच्या घरांनी 1947च्या मुंबई भाडे कायद्याखालचे दावे लघुवाद न्यायालयात पिढ्यान्‌पिढ्या चालवले. आजोबांच्या भाडेपावत्या नातवांनी कोर्टात दाखवल्या. तारखांची सवय आम्हाला आहे.

31 ऑक्टोबर, सायंकाळी 5. तोवर बेकायदा घेतलेली प्रत्येक रक्कम परत करा. एन-11चे सगळे कागद ज्याचे त्याला द्या. हीटिंग दुरुस्त करा आणि दुरुस्तीची तारीख लॉबीत लेखी लावा.

हे झालं नाही तर 1 नोव्हेंबरला आमचे अर्ज दाखल होतील. पैशांसाठी टी-1, कुलूप आणि धमकीसाठी टी-2, थंडीसाठी टी-6. भाडेकरूंना एकत्र अर्ज करता येतो; आम्ही एकत्रच करू. अर्जाला एक वर्षाची मुदत असते. गेला जानेवारी अजून त्या मुदतीत आहे. ही तारीख आम्ही उगाच निवडलेली नाही.

त्याच सकाळी शहराच्या 311 या तक्रार क्रमांकावर प्रत्येक घरातून तक्रार जाईल. तीन किंवा अधिक मजले आणि दहा किंवा अधिक घरं असलेल्या भाड्याच्या इमारती शहराच्या रेंटसेफटीओ योजनेत येतात. तुमची येते. कुलूपबंदीचं प्रकरण प्रांताच्या अंमलबजावणी पथकाकडे स्वतंत्रपणे जाईल.

संघटनेत आहे म्हणून कुणाला नोटीस दिलीत, तर त्या कारणासाठी बोर्ड घर खाली करून देऊ शकत नाही. हेही आम्ही वाचलं आहे.

याच शहरातल्या पार्कडेलच्या भाडेकरूंनी मे 2017मध्ये भाडं रोखलं. ऑगस्टमध्ये मालकाला तडजोड करावी लागली. 2023मध्ये थॉर्नक्लिफ पार्कने तेच पाऊल उचललं. आम्ही ते अजून उचललेलं नाही. त्यातली जोखीम आम्ही जाणतो. ते आमच्या हातात शिल्लक आहे.

यापुढे एकेकट्याला कचेरीत बोलावू नका. कुणी येणार नाही. बोलायचं असेल तर लॉबीत, सगळ्यांसमोर. उत्तर लेखी हवं, तारीख आणि सहीसह.