अतिदक्षता विभागात हरवलेली रात्र

अतिदक्षता विभागातून घरी परतलेल्या रुग्णाचे आप्त आपल्याकडे येतात, तेव्हा त्यांची मागणी बहुधा ठरलेली असते: ‘प्रतिकारशक्ती वाढेल असे काही द्या.’ औषधविक्रेत्या बंधूंनाही ती परिचयाची आहे. २०२० नंतर तर तिला ऊत आला. रुग्ण रात्री किती झोपतो हे मात्र क्वचितच कोणी सांगते आणि, खेदाने म्हणावे लागते, आपल्यापैकी क्वचितच कोणी विचारते. आमच्या मते चिकित्सेचा आरंभ याच प्रश्नाने व्हावयास हवा.

निद्रा हा तीन उपस्तंभांपैकी एक, हे आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. चरकसंहितेच्या अष्टौनिंदितीय अध्यायात पुष्टी व कार्श्य, बल व अबल ही निद्रेच्या अधीन मानली आहेत. तेथेच सांगितलेला निद्रेचा प्रकारभेद मात्र आपण परीक्षेपुरता पाठ करून सोडून दिला. रात्रिस्वभावप्रभवा निद्रा निराळी, व्याध्यनुवर्तिनी निराळी. श्वसनयंत्रावरील रुग्ण गुंगीच्या औषधाने डोळे मिटून पडला की आप्तांना तो शांत झोपला असे वाटते. ती गुंगी स्वाभाविक निद्रेची जागा घेऊ शकत नाही.

शरीरातील या घड्याळाचे रेणवीय कार्य उलगडणाऱ्या हॉल, रॉसबॅश व यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूतील मुख्य घड्याळ प्रकाशावर चालते. रात्री मेलाटोनिन वाढते, पहाटेकडे कॉर्टिसॉल चढते आणि रक्तातील पांढऱ्या पेशींचा संचारही याच लयीने होतो. अतिदक्षता विभागात अहोरात्र दिवे, यंत्रांचे इशारे, मध्यरात्री रक्ततपासणी आणि नळीतून अखंड आहार! तेथील रुग्णांची झोप तुकड्यातुकड्यांची असते, तिचा निम्मा भाग दिवसा जातो, गाढ निद्रा अत्यल्प उरते. तीव्र जंतुसंसर्गाच्या अनेक रुग्णांत मेलाटोनिनची रात्रीची वाढच नाहीशी झालेली आढळते.

निरोगी तरुणांना सहा रात्री चारच तास झोपू देऊन इन्फ्लुएंझाची लस टोचली असता, दहा दिवसांनी त्यांच्यातील प्रतिपिंडे नेहमीप्रमाणे झोपणाऱ्यांच्या निम्म्याहूनही कमी भरली, असे २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले. धडधाकट माणसाची ही कथा, तर ओजक्षयाच्या उंबरठ्यावरील रुग्णाचे काय होत असेल? तथापि येथे आपण संयम राखावा. गंभीर व्याधीत निद्रानाश हे कारण आणि कार्य दोन्ही असते, आणि झोप सुधारल्याने प्राण वाचतात असे अद्याप कोणी सिद्ध केलेले नाही. दिवसाच्या लयीने बदलणारा प्रकाश देऊन नेदरलँड्समध्ये केलेल्या व २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रुग्णांचा बुद्धिभ्रम कमी झाला नाही. अमेरिकेतील अतिदक्षता तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ मध्ये रात्री आवाज व उजेड कमी करण्यासह अनेक उपायांची एकत्रित योजना सुचविली, ती आम्हास अधिक पटते.

अतिदक्षता विभागात डब्यातून गुपचूप काढा पाठविण्यास आमचा स्पष्ट विरोध आहे. आपले क्षेत्र रुग्ण घरी आल्यावर सुरू होते. सकाळचे कोवळे ऊन, ठरावीक वेळी आहार, सायंकाळी पादाभ्यंग. क्षीण रुग्णास दिवास्वाप शास्त्रसंमत आहे, पण त्याने रात्र गिळू नये. निद्रेसाठी म्हशीचे दूध प्रशस्त खरे, परंतु अग्नी सावरण्यापूर्वी ते देणे म्हणजे आमास आमंत्रण. सर्पगंधेबाबत तर औषधविक्रेत्यांना आमची आग्रहाची विनंती आहे: नुकत्याच गंभीर आजारातून उठलेल्या आणि रक्तदाबाची वा मनोविकाराची औषधे चालू असलेल्या रुग्णास ती वैद्याच्या चिठ्ठीवाचून देऊ नये. तिने रक्तदाब उतरतो, मन खचते.

अशा रुग्णाच्या आप्तांना आम्ही प्रथम सात दिवसांच्या झोपेच्या वेळा वहीत लिहून आणावयास सांगतो, रसायनाचा विचार त्यानंतर. ते थोडे कुरकुरतात, पण वही आणतात.