दीड हजार आणि सोयाबीन

मी मूळचा हिंगोलीचा. त्यामुळे पुण्यात ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये कुणी "दीड हजारात मत विकलं यांनी" असं म्हणालं की मला राहवत नाही.

आधी निकाल बघू. जून २०२४ मध्ये हिंगोली लोकसभेला उद्धव ठाकरेंच्या शिवसेनेचे नागेश पाटील आष्टीकर लाखाहून जास्त मतांनी जिंकले. हरले शिंदे गटाचे बाबुराव कदम कोहळीकर. नोव्हेंबरात विधानसभा झाली, तर याच मतदारसंघातल्या सहाच्या सहा जागा महायुतीला! हदगावातून तर कोहळीकरच आमदार झाले.

मधल्या पाच महिन्यांत सोयाबीनचं काही भलं झालं नव्हतं. हमीभाव ४,८९२ रुपये, बाजारात मात्र चार हजाराच्या आसपास. म्हणजे पिकाचा भाव बघून मत पडलं असतं तर सत्ताधारी आपटायला हवे होते. पण मध्ये लाडकी बहीण आली. मतदानाआधी पाच हप्ते, एकूण ७,५०० रुपये.

आता गणित मांडा. क्विंटलमागे आठशे कमी मिळाले, तर दहा क्विंटलवाल्याचे आठ हजार गेले. म्हणजे आलं त्याहून जास्तच गेलं की! मग लोकांना हिशेब कळत नाही?

कळतो हो. फक्त खाती दोन आहेत. सोयाबीनचे पैसे बहुतेक घरांत पुरुषाच्या हातात येतात आणि खतवाल्याच्या उधारीत जिरतात. दीड हजार बाईच्या खात्यात येतात, आणि ते खर्चायला कुणाला विचारावं लागत नाही. शिवाय भाव पडला तर दोष कुणाचा? व्यापाऱ्याचा, पावसाचा, आयात तेलाचा, दिल्लीचा. हप्त्यावर मात्र नाव एकाचंच. विरोधकांनी महिना तीन हजार आणि सोयाबीनला सात हजार भाव देऊ म्हटलं होतं, पण ते आश्वासन होतं. हे जमा झालेलं होतं.

सगळं पैशावरच फिरलं असं नाही. लोकसभेला मराठा आरक्षणाचा राग होता, तो विधानसभेला तसा एकवटला नाही. पण पैसाही होताच.

आणि आपण कुठे वेगळे? १ फेब्रुवारी २०२५ च्या बजेटात नव्या करप्रणालीत बारा लाखांपर्यंत टॅक्स माफ झाला, चारच दिवसांनी दिल्लीत मतदान होतं. तेव्हा आमच्या कॅन्टीनमध्ये 'रेवडी' हा शब्द कुणी काढला नाही. :-)

माझी काळजी वेगळीच आहे. हप्ता दोन महिन्यांत सुरू करता येतो. वेळेवर उघडणारी खरेदी केंद्रं, गोदामं, तेलाचे कारखाने यांना वर्षं लागतात. जे निवडणुकीआधी दाखवता येतं तेच सरकार करणार. म्हणून हप्ता बंद करा असं मी म्हणणार नाही. हमीभाव आणि बाजारभाव यांतला फरकही तसाच, ठरलेल्या तारखेला खात्यात टाका. मध्य प्रदेशाने २०२५ मध्ये सोयाबीनसाठी भावांतर योजना आणलीच की.

हप्ता आठ दिवस लांबला तरी गावभर चर्चा होते. भाव हंगामभर पडलेला असतो, त्याची तारीख कुणाला विचारायची?